खंडेनवमीचं वादळ

परतीच्या पावसाचं कौतुक कुणी करत नाही. पहिल्या पावसाच्या वाट्याला सगळं येतं: मातीचा वास, कांदाभजी, वर्तमानपत्रातला फोटो. हा बिचारा ऑक्टोबरात येतो तेव्हा लोकांना नकोसा झालेला असतो. शेतात कापूस फुटलेला असतो, घरात दिवाळीची रंगरंगोटी काढलेली असते, छत्र्या माळ्यावर गेलेल्या असतात. येतो तोही धड येत नाही. दिवसभर तापवतो, दुपारनंतर एका कोपऱ्यात काळं करतो आणि मग आदळआपट करून तासाभरात निघून जातो. आजही तसाच आला. पुण्यातल्या माझ्या गॅलरीसमोरच्या टेकडीवर आभाळ भरलं, धुळीचा लोट उठला, शेजारच्या बाई वाळत घातलेले कपडे ओढायला धावल्या. मी मात्र पाऊस संपायची वाट पाहत थांबले, आणि संपल्यावर बाहेर जाऊन नाकानं लांब श्वास घेतला. इतकी वर्षं झाली, माझी ही खोड जात नाही.

वादळ हवा कशी धुतं ते संगणकावर मांडून बघणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. असं सांगितलं की लोक एकतर विषय बदलतात, नाहीतर उद्या पाऊस आहे का म्हणून विचारतात. उद्याचं मला विचारू नये. मला झालेल्या पावसाचं विचारावं. त्यानं हवेतला धूर आणि धूळ किती उचलली, कुठं नेऊन टाकली, आणि धुतलेली हवा परत मळायला किती वेळ लागला, हे मी सांगू शकते. त्यातही एका पावसाबद्दल विचारलंत तर मी थांबणार नाही. तो जालन्याचा, खंडेनवमीच्या दुपारचा, नव्वदच्या आसपासचा.

आमचं घर रोलिंग मिलच्या लगतच्या वस्तीत होतं. मिल म्हणजे भंगार लोखंड भट्टीत लाल करायचं आणि रोलमधून दाबून त्याच्या सळ्या काढायच्या. अण्णा, म्हणजे माझे वडील, तिथं टर्नर होते. झिजलेले रोल लेथवर चढवून ते पुन्हा तासून द्यायचे. जांब समर्थकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, पण नांगरापेक्षा लेथ त्यांना आवडला. आणि त्यांना शीळ घालायची सवय होती. लेथच्या आवाजावर मात करता करता लागलेली असणार, कारण शीळ फार जोरकस होती, आणि सुरात होती. संध्याकाळी सायकल वळणावर आली की अण्णांच्या आधी शीळ घरात यायची. आई चहाचं आधण त्या आवाजावर ठेवायची.

पण तिला घरात मात्र शीळ बिलकुल चालत नसे. दिवे लागल्यावर शीळ घातली की साप येतो, हे तिनं अंबडहून, माहेरातून आणलेलं होतं.

"दिवे लागले. आता बास करा," ती म्हणायची.

"येऊ दे की साप," अण्णा म्हणायचे. "त्याला बी ऐकू दे जरा."

हे भांडण रोजचं होतं आणि दोघांनाही ते हवं असायचं. मी औरंगाबादला शिकायला गेले तेव्हा वसतिगृहात संध्याकाळी दिवे लागले की मला काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं. काय चुकलं ते कळायला बरेच दिवस लागले.

पुढं शीळ तुटायला लागली. सुट्टीत घरी आले की दर वेळी ती थोडी आखूड झालेली असायची. आधी कडव्याच्या शेवटी दम लागायचा, मग मधेच, मग सुरुवात करून ते नुसतेच हसायचे आणि खोकायचे. डॉक्टरांनी सांगितलं, छातीत धूळ बसली आहे, मिल सोडा. त्यांनी मिल सोडली. पण घर तिथंच होतं आणि धुराडं खिडकीतून दिसत होतं. अंगण झाडलं की सुपलीत तांबूस काळी भुकटी यायची. आई तुळशीची पानं ओल्या फडक्यानं पुसायची, आणि संध्याकाळी ती पुन्हा मळलेली असायची.

"पाऊस पडला की बरं वाटतं बघ," अण्णा एकदा म्हणाले. "पण भुरभुर कामाची न्हाई. गडगडून आला पायजे. मंग छाती मोकळी होती."

पुढं पुण्यात संशोधनाला लागले आणि सरांनी दोन-तीन विषय पुढं ठेवले, तेव्हा मी वादळ आणि हवा हा विषय उचलला. सरांना मी विषयाचं महत्त्व वगैरे सांगितलं. खरं कारण जालन्यात ओट्यावर बसून खोकत होतं.

त्या काळचा संगणक म्हणजे काळा पडदा, हिरवी अक्षरं आणि गारठलेली खोली. मी काय करायचे, तर जालन्यावरच्या हवेचे एकावर एक डबे मांडायचे. प्रत्येक डब्यात धूर किती, धूळ किती, तिचे कण केवढे. मग त्यातून गणितातलं वादळ न्यायचं आणि प्रत्येक डब्यात काय उरलं ते बघायचं. एक वादळ पार व्हायला संगणकाला खऱ्या वादळापेक्षा जास्त वेळ लागायचा. सुट्टीत घरी आल्यावर मी हे अण्णांना समजावून सांगत बसले होते.

"म्हंजी तू खोटा पाऊस पाडून राह्यली," ते म्हणाले.

"खोटा नाही अण्णा. गणितातला."

"मंग त्यात कोणी भिजतं का?"

"नाही."

"मंग खोटाच की."

पण त्यांनी विषय सोडला नाही. थेंब धूळ उचलतो कसा, हे त्यांना हवं होतं. मी म्हटलं, मोठा कण थेंबाच्या वाटेत सापडतो. बारीक कण मात्र सापडत नाही. बाजारात बैल घुसला की चिल्लर पोरं बाजूनं सटकतात, तसा तो थेंबाच्या बाजूनं हवेबरोबर निसटतो. आणि छातीत जाऊन बसतो तो हाच बारीक कण.

"म्हणून भुरभुरीनं फरक पडत न्हाई."

"म्हणूनच. मोठं वादळ आधी खालची हवा वर ओढून घेतं. ढगात गेल्यावर त्या बारीक कणाभोवतीच पाणी धरतं आणि थेंब होतो. मग तो कण थेंबाच्या पोटात बसून खाली येतो."

अण्णा धुराड्याकडं बघत राहिले. "म्हंजी पाऊस आमच्याच भट्टीचा पडून राह्यला म्हन," ते म्हणाले, आणि त्यांना ते इतकं आवडलं की आल्यागेल्या प्रत्येकाला त्यांनी ते ऐकवलं.

गणितातल्या पावसाला खऱ्या पावसाचा पडताळा लागतो. नाहीतर कुणीही काहीही मांडेल. त्यासाठी पाऊस सुरू झाल्यापासून संपेपर्यंत ओळीनं बाटल्यांत धरायचा. पहिली बाटली सगळ्यात मळकी, पुढच्या स्वच्छ होत जातात. हे यंत्र तयार मिळायचं, पण आमच्या वाट्याला आलं नव्हतं. अण्णांनी ते घरी केलं. मिलमधल्या जुन्या मित्रांकडून अँगलचे तुकडे आणले, गच्चीवर पक्कं स्टँड उभं केलं, त्यात पांढरं नरसाळं बसवलं आणि त्यावर उघडमीट करणारं झाकण. पाऊस नसताना नरसाळ्यात धूळ पडता कामा नये, म्हणून झाकण फक्त थेंब आला की उघडायचं. हे काम त्यांनी स्वतःकडं घेतलं. मी पुण्याहून आणून दिलेल्या शुद्ध पाण्यानं अण्णा रोज सकाळी नरसाळं विसळायचे. आईला हात लावू द्यायचे नाहीत.

"सोवळं मांडलंय," आई मला म्हणाली. "देवाला इवढं केलं असतं तं आतापोतर देव पावला असता."

त्या साली पावसाळा कुरकुरत गेला. सरी आल्या, रिपरिप झाली, अण्णांनी इमानानं बाटल्या भरल्या, आणि त्या पावसाशी माझं गणित बऱ्यापैकी जुळलंही. पण मला हवं होतं ते वादळ येईना. आभाळ दाटायचं आणि अंबडच्या अंगानं फुटून जायचं. सरांनी सांगून ठेवलं होतं की एवढ्या हंगामात जे मिळेल त्यावर प्रबंध बांधायचा. दसऱ्याला मी घरी आले तेव्हा आभाळ स्वच्छ निळं होतं आणि मी मनातून आशा सोडलेली होती.

खंडेनवमीला घरातली झाडून सगळी हत्यारं निघायची. मिलमध्येही त्या दिवशी भट्ट्या थंड करून यंत्रांची पूजा होई आणि दसरा उलटेपर्यंत धुराडं बंद असे. घरात पाटावर अण्णांचा मायक्रोमीटर, कॅलिपर, पान्हे, आईची विळी आणि अडकित्ता, माझा कॅल्क्युलेटर, इतकंच काय, फ्लॉपींचा डबासुद्धा. आणि मधोमध, गच्चीवरून खाली आणलेलं पांढरं नरसाळं.

"अण्णा, याला हळद-कुंकू नका लावू."

"नको कसं? सालभर काम देतं ते. बाकीच्यांना लावायचं आन् त्यालाच न्हाई?"

आभाळात ढगाचं नाव नव्हतं. मी म्हटलं, बरं. त्यांनी हळदीचं बोट, कुंकवाचं बोट लावलं, झेंडूचं फूल वाहिलं, नमस्कार केला. आता हे सगळं दसरा होईपर्यंत हलवायचं नव्हतं. पूजेतलं हत्यार उचलून कामाला लावत नाहीत, हे आमच्याकडं लहान पोरालाही माहीत असतं.

जेवणं झाली आणि अंबडच्या बाजूला काळं उठलं. बघता बघता ते उंच झालं. इतका उंच ढग त्या साली मी पाहिला नव्हता. वारा आमच्याकडून त्याच्याकडं वाहायला लागला. मला ठाऊक होतं, तो खालची हवा ओढून घेतोय. मी सबंध हंगाम ज्याची वाट पाहिली होती ते समोर आलं होतं, आणि नरसाळं पाटावर झेंडूच्या फुलाखाली बसलं होतं.

"पूजेतलं उचलू नका हं," आईनं आधीच सांगून टाकलं.

मीही त्याच घरात वाढलेली. मी म्हटलं, "राहू द्या अण्णा. पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी," अण्णा म्हणाले. एवढंच म्हणाले, आणि माझ्याकडं बघितलं. मग ते उठले, पाटापाशी वाकून हात जोडले, नरसाळं उचललं, सदऱ्याच्या टोकानं पुसलं आणि जिन्याकडं निघाले. मी घ्यायला गेले तर त्यांनी दिलं नाही. एका हातानं कठडा धरत, दर दोन पायऱ्यांवर थांबत, ते नरसाळं छातीशी धरून वर गेले. मी बाटल्या घेऊन मागे. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता, जुन्या भात्यासारखा.

नरसाळं बसतं न बसतं तोच वारा फिरला. धुळीची भिंत अंगावर आली आणि तिच्या पाठोपाठ पाऊस. स्टँड पडू नये म्हणून अण्णांनी ते दोन्ही हातांनी धरून ठेवलं. पहिल्या बाटलीत उतरलेलं पाणी गढूळ होतं, आणि त्या गढुळात एक पिवळी रेघ खाली चालली होती. आम्ही दोघांनीही ती पाहिली.

"हळद उतरली काय?"

"उतरली."

"मंग?"

"मग काही नाही. तुम्ही धरा घट्ट."

आम्ही बाटल्या बदलत राहिलो. शेवटच्या बाटलीतलं पाणी इतकं नितळ होतं की बाटली रिकामीच वाटावी. आई डोक्यावर पोतं घेऊन जिन्याच्या तोंडाशी उभी राहून म्हणत होती, "बाप तसा न् लेक तशी. दोघांलाबी अक्कल न्हाई."

पाऊस थांबल्यावर ऊन पडलं. लांबच्या टेकड्यांच्या कडा चाकूनं कापल्यासारख्या दिसायला लागल्या. धुराडं नुसतंच उभं होतं. हवेला कसलाच वास नव्हता, आणि तो नसणं किती छान असतं हे मला तेव्हा कळलं. अण्णा कपडे बदलून ओल्या ओट्यावर बसले. आई तुळशीपाशी दिवा लावत होती. आणि अण्णांनी शीळ घातली.

पहिल्या कडव्याच्या शेवटी मी खोकल्याची वाट बघितली. तो आला नाही. दुसरं कडवं आलं. वरचा सूर आला आणि नीट लागला. किती वर्षांनी मी ते गाणं पुरं ऐकत होते. दिवे लागलेले होते, म्हणून मी आईकडं पाहिलं. ती दिवा हातात घेऊन तशीच उभी होती. मग तिनं तो खाली ठेवला, पदरानं हात पुसले आणि ओट्याच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसली. सापाचं नाव तिनं काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, अण्णा सोनं वाटायला गल्लीभर शीळ घालत फिरले. भेटेल त्याला आपट्याचं पान आणि वर एक सूर. तिसऱ्या दिवशी भट्ट्या पेटल्या. संध्याकाळी धूर आला, आणि अण्णा ओट्यावर नुसते बसून राहिले.

पुण्याच्या प्रयोगशाळेनं पहिली बाटली बाद केली. सरांनी आकडे बघून विचारलं, "हा एवढा चुना कुठून आला?"

"कुंकवातला. हळदीला चुना देऊनच करतात ते," मी म्हटलं.

ते हसले. त्यांच्याही स्कूटरच्या हँडलला झेंडूची माळ सुकत होती. पण बाटली ती बाटली. पहिली गेली की बाकीच्यांना अर्थ उरत नाही, कारण बहुतेक सगळा मळ पहिलीतच असतो. प्रबंध साध्या सरींवर बांधला गेला. माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या वादळाला पडताळा नाही.

तरी मी ते संगणकावर चालवलं. गणित म्हणालं, हवा धुतली गेली, पण पहाटेपर्यंत ती पूर्वीइतकीच मळेल. मला हे पटेना. शीळ तर दसरा मावळेपर्यंत अखंड होती. विचार करता करता लक्षात आलं की मी भट्ट्या रोजच्यासारख्या चालू धरल्या होत्या. संगणकाला खंडेनवमी कुठून ठाऊक असणार? मी ते दोन दिवस धूर शून्य केला. मग गणितातली हवाही दसरा मावळेपर्यंत स्वच्छ राहिली आणि भट्ट्या पेटल्यावर मळली. अगदी शीळ राहिली आणि थांबली तशी. याला पडताळा म्हणत नाहीत, हे मला समजतं. एका माणसाच्या शीळ घालण्यावर कुणी शास्त्र उभं करत नाही. पण इतक्या वर्षांत माझं कुठलंच गणित मला इतकं खरं वाटलेलं नाही.

अण्णा पुढं काही वर्षांनी गेले. उन्हाळ्याची सुरुवात होती, हवा कोरडी, धुळीनं भुरकट, आणि आभाळात पांढरा ढगसुद्धा नव्हता. त्या शेवटच्या दिवसांत मी त्यांच्या उशाशी बसून सारखी खिडकीतून बाहेर बघायचे. वादळांवर पोट भरणारी बाई, आणि बापासाठी एक वादळ आणता येईना. मला त्या दिवसांत आभाळाचा फार राग आला होता. अजून पुरता गेलेला नाही.

आता संगणक हलके आणि चलाख झाले आहेत. जे वादळ पार व्हायला तेव्हा ताटकळावं लागायचं, ते आता चहा निवायच्या आत संपतं. परतीचा पाऊस आला की मी ते एकदा चालवून बघते. कामाचं काही नसतं त्यात. जालन्यावरचे डबे, अंबडकडून येणारा ढग, वर ओढली जाणारी हवा. एकदा मी भट्ट्या बंद केल्या त्या परत पेटवल्याच नाहीत. दसरा झाला, दिवाळी झाली, हवा तशीच नितळ. संगणकानं तक्रार केली नाही. त्याला काय, आपण सांगू ते तो करतो. मी बराच वेळ त्या पडद्याकडं बघत बसले. ती हवा मला हवी होती, त्या ओट्यावर, त्या माणसासाठी. पण भट्टी नसती तर लेथ कुठला, आणि लेथचा आवाज नसता तर त्यावर मात करणारी ती शीळ तरी कुठली? त्या धुरातूनच आमचं घर उभं राहिलं आणि मी शिकले. मी भट्ट्या पुन्हा पेटवल्या आणि संगणक बंद केला.

आई अजून जालन्यातच असते. पुण्याला ये म्हटलं की म्हणते, तुमच्याकडं तुळशीला ऊन न्हाई. आज इथला पाऊस ओसरल्यावर मी तिला फोन लावला.

"तिकडं पडला का?"

"पडला की. दुपारीच. लई आपटला. अंबडच्या अंगानंच आला."

"हवा कशी आहे?"

"चांगली हाय. हलकी." मग जरा थांबून, "धूर बी न्हाई आज. भट्ट्या बंद हायत ना."

मला आठवलंच नव्हतं. पुण्यात राहून मी खंडेनवमी विसरले होते.

"दिवे लागले का?"

"आत्ताच लावून राह्यले."

मग फोनमधून नुसतं फुर्र झालं, कुणी गरम दुधावर फुंकर घालावी तसं. मला वाटलं फोन बिघडला. पुन्हा तसंच झालं.

"आई, काय करतेस?"

"काई न्हाई माय. जमत न्हाई. तुझ्या बापाला कसं काय जमायचं कोणाला ठावं."

मी म्हटलं, "अगं, दिवे लागलेत. साप येईल."

"येऊ दे," ती म्हणाली, आणि पुन्हा फुंकून बघितलं.